उलटलेल्या माणसाचे जेवण

विज्ञानकथेचा नाद लागला की तिचा विषय जेवणाच्या ताटापर्यंत पाठ सोडत नाही. जयंत नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ आम्हां अनसिंगच्या वाचकांना अशीच छळते. अवकाशाच्या पिळातून गेलेला माणूस आरशातल्या प्रतिमेसारखा होऊन परततो, ही तिची कल्पना.

आमची शंका घरगुती आहे. तो माणूस आमच्याकडे पंगतीला बसला तर खाईल काय? आपल्या शरीरातील प्रथिने डाव्या घडणीच्या अमिनो आम्लांची. ज्वारीच्या पिठातले ग्लुकोज उजव्या घडणीचे. पाचकरस आणि अन्न यांचे नाते किल्ली-कुलपाचे. त्याची किल्लीच उलटलेली! भाकर आणि तुरीचे वरण पोटभर जेवूनही तो बिचारा उपाशी राहील. (चवही निराळीच लागेल, ते वेगळे.) पाणी आणि मीठ मात्र चालेल, त्यांना डावे-उजवे नसते.

स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना नारळीकर पोस्टकार्डावर प्रश्न पाठवायला सांगत आणि सहीनिशी उत्तर देत. २० मे २०२५ रोजी ते गेले. आमचा प्रश्न आता आम्हीच, ज्वारीचे कणीस हातात घेऊन, एकमेकांना विचारतो आहोत.