पाणी निजता कामा नये

पाळीव प्राण्यांत मासा सर्वांत गरीब. कुत्र्याला भूक लागली की ते भुंकते, मांजर पायांत घोटाळते, पोपट तर नावानिशी हाक मारून मिरची मागतो. माशाला तक्रारच करता येत नाही. तो तोंड उघडतो आणि मिटतो. आपण कौतुकाने म्हणतो, "बघा, कसा मजेत बोलतोय!" तो मजेत आहे की गुदमरतो आहे, हे ओळखायला पाहणाऱ्याची नजर तयार असावी लागते.

आमच्या शेजारच्या नानांची नजर तशी होती. बँकेतून निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी अडीच फूट लांबीची काचेची पेटी घरी आणली. तिच्यात चार गोल्डफिश, दोन गुरामी आणि थोड्या पाणवनस्पती. माईंना हे खूळ मुळीच पसंत नव्हते. "माणसांना पाणी पुरत नाही, आणि ह्यांच्या माशांना नव्वद लिटर!" असे जिन्यात भेटेल त्याला त्या ऐकवत. २०१९ साली नाना गेले. पेटी कुणाला तरी देऊन टाकू, असे मुलाने सुचवले, तेव्हा माई एवढेच म्हणाल्या, "राहू दे. घरात आवाज असतो तेवढाच."

तो आवाज हवेच्या पंपाचा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास तो थांबला. त्या सोमवारी मुंबईची आणि आसपासच्या भागाची वीज एकदम गेली, हे वाचकांना आठवत असेल. लोकलगाड्या होत्या तिथेच उभ्या राहिल्या. करोनामुळे आमच्या धाकटीची शाळा मोबाइलवर भरत होती; तिला अनपेक्षित सुट्टी मिळाली. दुपारपर्यंत शहरात बऱ्याच ठिकाणी दिवे आले. आमच्या गल्लीचे नशीब मात्र उघडले नाही. चार वाजता दारावर थाप पडली. मास्क लावून, दोन हात लांब उभ्या राहून माई म्हणाल्या, "जरा येता का? मासे वर येऊन तोंडं वासतायत."

आम्ही तिघेही मास्क लावून गेलो, खिडक्या उघडल्या आणि पेटीपाशी उभे राहिलो. गोल्डफिश पाण्याच्या कडेला येऊन धापा टाकत होते. गुरामी त्यामानाने निवांत होते. हे मासे वर येऊन थेट हवा घेऊ शकतात. गोल्डफिश पडले थंड पाण्यातले जीव, आणि पेटीवरचा तापमापक दाखवत होता ३० अंश! २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना तो साडेसातवर येतो. म्हणजे उकाडा वाढला की पाण्यातली शिदोरी कमी होते.

बॅटरी शोधावी म्हणून माईंनी पेटीखालचे लाकडी कपाट उघडले. दाराच्या आतल्या बाजूला नानांच्या मोत्यासारख्या अक्षरात एक कागद चिकटवलेला होता. वर शीर्षक: 'वीज गेल्यास'.

पहिली सूचना: खाणे बंद. माशांना दोन दिवस उपास सहज सोसतो. उलट खाऊ घातले की प्राणवायू जास्त लागतो आणि पाणी नासते. दुसरी: नळाचे पाणी भरमसाट ओतू नये, त्यात क्लोरीन असते. तिसरी: गाळणीतला स्पंज काढून पेटीतल्याच पाण्याच्या परातीत उघडा ठेवावा. त्या स्पंजात राहणारे जिवाणू माशांची घाण निर्विष करतात, आणि पाणी वाहायचे थांबले की तेही गुदमरतात. चौथ्या सूचनेखाली दोन रेघा होत्या: 'तांब्याने पेटीतले पाणी घेऊन वीतभर उंचीवरून परत पेटीत सोडावे. पाणी निजता कामा नये.'

माईंनी कागद दोनदा वाचला. मग हळूच म्हणाल्या, "त्यांना तर हे सगळं तोंडपाठ होतं. मग लिहिलं कुणासाठी?"

आम्ही कुणीच उत्तर दिले नाही. माईंनी स्वयंपाकघरातून तांब्या आणला.

प्राणवायू पाण्यात शिरतो तो मुख्यतः वरच्या थरातून. बुडबुडे वर येतात, पाणी ढवळतात, खालचे शिळे पाणी वर येऊन ताजे होते. पंपाचे खरे काम तेवढेच. ते आता आमच्या मनगटांनी करायचे होते. पाच मिनिटे तांब्या चालवायचा, दहा मिनिटे थांबायचे. पाळ्या ठरल्या. धाकटीने घड्याळ सांभाळले. सौ.ने बर्फ अजून शिल्लक असलेली एक बाटली आमच्या फ्रिजमधून आणली. ती घट्ट बंद करून पाण्यावर तरंगत ठेवली, थोड्या वेळाने काढली. कारण पाणी एकदम गार झाले तरी माशांना बाधते. अंधार पडल्यावर चिंता वाढली. उजेड गेला की वनस्पती प्राणवायू द्यायचे सोडून स्वतःच वापरू लागतात. मेणबत्तीच्या प्रकाशात ती तांब्याची धार ऐकताना वाटे, आपण अभिषेकालाच बसलो आहोत.

आठच्या सुमारास सर्वांत थोरला गोल्डफिश एका अंगावर कलला. माईंनी आपली पाळी नसताना माझ्या हातून तांब्या घेतला, आणि मग तो कुणालाच दिला नाही. हात दुखला की डावा, डावा दुखला की पुन्हा उजवा. वर्षानुवर्षे ज्यांना नावे ठेवली त्यांनाच दटावून त्या सांगत होत्या, "आज नाही हं. आज मुळीच नाही."

रात्री अकराला दिवे आले. स्पंज पेटीतल्याच पाण्यात पिळून पुन्हा बसवला. नळाखाली धुतला असता तर उरलेले जिवाणूही गेले असते. पंप सुरू झाला, बुडबुडे उठले. सकाळपर्यंत थोरला सरळ पोहू लागला होता.

तसे पाहिले तर माशांना वीज लागतच नाही. नदीला कुठे पंप असतो? पण एकदा जीव काचेआड आणून ठेवला की त्याची नदी आपल्यालाच व्हावे लागते. नानांना हे ठाऊक होते. आणखीही एक गोष्ट ठाऊक असावी: एकटे राहिलेले घरही निजता कामा नये, ते कुणीतरी ढवळत ठेवावे लागते.

माईंनी पुढे बॅटरीवर चालणारा छोटा पंप आणला. कागद मात्र त्यांनी कपाटाच्या आतून काढून बाहेर, दिसेल असा लावला. आणि त्याखाली पाचवी सूचना स्वतःच्या हाताने लिहिली: 'शेजारी हाक मारावी.'