ट्रामगाडीतून दिसलेली पाटी

चांगल्या पगाराची, मानाची आणि कायमची नोकरी लागली म्हणजे माणसाच्या आयुष्याचे तारू किनाऱ्याला लागले, असे घरची मंडळी समजतात. त्यात त्यांचे काही चुकत नाही. घरातील चूल पेटती राहावी, मुलाबाळांना ददात पडू नये, उतारवयात कोणापुढे हात पसरावा लागू नये, अशी इच्छा कोणाला नसते? तरीही अशी नोकरी हाती असताना ती आपण होऊन सोडणारी माणसे मधूनमधून आढळतात. लोक प्रथम त्यांना वेडे म्हणतात. चंद्रशेखर व्यंकट रामन हे अशांपैकीच एक होते.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. त्यांचे वडील गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असत. त्यामुळे पुस्तकांची संगत त्यांना घरातच लाभली. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असतानाच, १९०६ साली, त्यांचा प्रकाशाविषयीचा एक निबंध इंग्लंडमधील शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अशा बुद्धिमान तरुणाने पुढील अभ्यासासाठी विलायतेस जावे, असे पुष्कळांना वाटले. परंतु त्यांची प्रकृती नाजूक असल्यामुळे डॉक्टरांनी संमती दिली नाही. आपल्या देशात राहून विज्ञानावर चरितार्थ चालविण्याची सोय त्या काळी जवळजवळ नव्हतीच. तेव्हा रामन सरकारी अर्थखात्याच्या परीक्षेस बसले, तीत पहिले आले, आणि १९०७ साली, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, कलकत्त्यास असिस्टंट अकौंटंट जनरल म्हणून रुजू झाले. हुद्दा मोठा, पगार भरघोस आणि पुढे बढतीचा मार्ग मोकळा! आणखी काय हवे होते?

एके दिवशी ट्रामगाडीतून जात असता बोबाजार रस्त्यावरील एका इमारतीवरची पाटी त्यांच्या दृष्टीस पडली. विज्ञानाच्या संवर्धनासाठी स्थापन झालेल्या भारतीय संस्थेची ती पाटी होती. रामन लगेच गाडीतून उतरले आणि त्यांनी संस्थेचे दार ठोठावले. दार उघडले ते तेथील साहाय्यक आशुतोष डे यांनी. ही संस्था डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली मोठ्या आशेने स्थापन केली होती. या देशातील तरुणांनी येथे येऊन स्वतः प्रयोग करावेत, नवे शोध लावावेत, हे त्यांचे स्वप्न होते. परंतु प्रयोगशाळेतील उपकरणे बव्हंशी धूळ खात पडली होती. महेंद्रलाल तर १९०४ सालीच दिवंगत झाले होते. त्यांचे पुत्र अमृतलाल यांनी या तरुण अधिकाऱ्याचे प्रेमाने स्वागत केले आणि प्रयोगशाळा त्याच्या स्वाधीन केली. ज्याची वाट पाहत पित्याचे डोळे मिटले, तो माणूस पुत्राच्या दारी आपल्या पायांनी चालत आला होता.

तेव्हापासून रामन यांचा दिनक्रमच बदलला. पहाटे प्रयोगशाळा, दिवसा कचेरी, सायंकाळी पुन्हा प्रयोगशाळा. घरी परतायला रात्र होई. म्हणून कचेरीच्या कामात त्यांनी हयगय केली असे मात्र नाही. हिशेबांच्या कामातही ते कर्तबगार अधिकारी म्हणूनच ओळखले जात. परंतु सरकारी नोकराला बदली चुकत नाही. १९०९ साली त्यांना रंगूनला आणि १९१० साली नागपूरला जावे लागले. तेथेही त्यांनी विज्ञानाचा ध्यास सोडला नाही. तथापि बोबाजारची ती प्रयोगशाळा दूर राहिली होती. १९११ साली कलकत्त्यास परत येण्याचा योग आला, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. मात्र, पुढची बदली केव्हा येईल, याचा नेम नव्हता.

त्याच सुमारास कलकत्ता विद्यापीठात एक नवे विज्ञान महाविद्यालय उभे राहत होते. सर तारकनाथ पालित यांनी त्यासाठी आपली संपत्ती दान केली होती. त्यांच्या नावाने निर्माण झालेले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापकपद रामन यांनी स्वीकारावे, अशी सर आशुतोष मुखर्जी यांची इच्छा होती. या पदावरील व्यक्तीने परदेशी जाऊन शिक्षण घेतलेले असावे, अशी एक अट होती. केवळ तेवढ्यासाठी विलायतेला जाणे रामन यांनी नाकारले. अखेरीस त्यांच्यासाठी ती अट बाजूला ठेवण्यात आली. पण दुसरी अडचण कोणालाच दूर करता येण्यासारखी नव्हती. प्राध्यापकाचा पगार त्यांच्या सरकारी पगाराच्या जवळजवळ निम्माच होता.

एका पारड्यात पैसा, अधिकार आणि उद्याची निश्चिंती. दुसऱ्या पारड्यात एक फळा, एक प्रयोगशाळा आणि शिकायला येणारी मुले! रामन यांनी दुसरे पारडे पसंत केले. १९१७ च्या जुलै महिन्यात सरकारी नोकरी सोडून ते प्राध्यापक झाले. हा क्षणिक उत्साहात घेतलेला निर्णय नव्हता. दहा वर्षांच्या पहाटे आणि दहा वर्षांच्या रात्री त्यामागे उभ्या होत्या.

या पदावर असताना वर्ग घेण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते. केवळ संशोधन केले असते तरी चालले असते. तरीही त्यांनी आनंदाने शिकविण्याचे काम पत्करले. हळूहळू देशाच्या निरनिराळ्या भागांतून विद्यार्थी त्यांच्याकडे येऊ लागले. १९२१ साली विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणून ते ऑक्सफर्डच्या परिषदेस गेले. त्या प्रवासात भूमध्य समुद्राच्या गर्द निळाईने त्यांचे मन वेधले. पाणी निळे का दिसते? या प्रश्नातून द्रवात विखुरणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास सुरू झाला. तो रामन यांनी एकट्याने केला नाही. के. आर. रामनाथन, के. एस. कृष्णन, एस. व्यंकटेश्वरन अशा शिष्यांनी त्यात भाग घेतला. यांपैकी व्यंकटेश्वरन सरकारी नोकरीत होते आणि कचेरीचे तास संपल्यावर प्रयोगशाळेत येत असत. त्यांच्याकडे पाहून गुरूला स्वतःचे जुने दिवस आठवले असतील काय?

अखेर २८ फेब्रुवारी १९२८ रोजी शोध हाती आला. एका रंगाचा प्रकाश द्रवातून जाताना विखुरला, तर त्यात मूळ रंगाबरोबर किंचित निराळ्या रंगाचा मंद प्रकाशही आढळतो, हे सिद्ध झाले. हाच 'रामन परिणाम' होय. १९३० साली त्यासाठी रामन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९८७ सालापासून २८ फेब्रुवारी हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो.

पण नोकरी सोडली तेव्हा रामन यांना पारितोषिकाची खात्री कोणी दिली होती? ते मिळाले नसते, तरी त्यांचा निर्णय चुकला असे म्हणता आले नसते. एके काळी बोबाजारमधील ते दार त्यांच्यासाठी उघडले गेले होते. शिक्षक झाल्यावर तेच दार त्यांनी इतरांसाठी उघडे ठेवले. सरकारच्या हिशेबवहीत त्यांचा पगार निम्म्यावर आला. परंतु ज्या वहीत शिष्यांची नावे मांडली जातात, तीत जमेची बाजू वाढतच गेली.