कपाटातली कमाई



दौंडहून धाकट्या नणंदेचा फोन आला, "भाभी, मी घरबसल्या पंधराशे कमावले!" घरोघरी सौंदर्यप्रसाधने विकण्याच्या कामात ती नवीनच.

रविवारी ती शिरूरला आली, तेव्हा आम्ही वही घेऊन बसलो. छापील किमतीवर २५ टक्के सूट, म्हणून ६,००० चा माल तिने ४,५०० ला घेतला होता. विकला गेला २,४०० चा. म्हणजे कमाई ६००. रिक्षा आणि सॅम्पलचे २५० वजा केले, उरले ३५०. बाकी सगळा माल कपाटात.

"एवढा घेतलास कशाला?"

"वरच्या ताई म्हणाल्या, टार्गेट भर, नाहीतर टक्केवारी घटेल." डोळे भरून आले तिचे.

मी म्हटलं, सूट मिळाली म्हणजे कमाई झाली नाही. गिऱ्हाईकाने पैसे दिले की कमाई. मैत्रिणी जोडशील, तर मोबदला त्यांच्या विक्रीवर हवा. नुसती माणसं जोडून पैसे देणाऱ्या साखळी योजनांना थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनी बंदीच आहे.

परिग्रहाची मर्यादा आपण पाठशाळेत शिकलो. ती दुकानदारीलाही लागू पडते. आता ती आधी ऑर्डर घेते, मग माल मागवते. टक्केवारी घटली, पण कपाट रिकामं होतंय.