साडेचार मीटरची पट्टी

बाबांना बेचाळिसाव्या वर्षी शुगर निघाली. डॉक्टर मला म्हणाले, "हे घरात असतं, तू आतापासून वजन सांभाळ." माझं वजन 88 किलो, आणि हॉस्टेलचा तिसरा मजला चढताना धाप लागते. धावून पाहिलं, दोन दिवसांत कंटाळा आला. म्हणून उद्यापासून किकबॉक्सिंग!

1960च्या दशकात जपानमध्ये कराटे आणि थाई बॉक्सिंगच्या संकरातून हा प्रकार निघाला. पण फिटनेसच्या क्लासमध्ये कुणी कुणाला मारत नाही, फक्त बॅगला मारायचं. (हे ऐकून जीव भांड्यात पडला.)

क्लास अनवाणी, म्हणून पायाची नखं कापली. बाटली, नॅपकिन भरलं. छळलं ते हाताच्या पट्टीने. अंगठ्यात फास, मनगटाला तीन वेढे, तळव्याला तीन, मग बोटांच्या फटींतून. आवळली तर बोटांना मुंग्या, सैल सोडली तर मनगट मुरगळायची भीती. पार्टनर आत येऊन म्हणाला, "कुठे लागलं रे?"

मूठ वळताना अंगठा बाहेर, नाहीतर मोडायचा. ठोसा म्हणे नुसत्या खांद्यातून येत नाही. मागच्या पायाची टाच फिरते, मग कंबर, मग हात. मेकॅनिक्समध्ये घोकलेला टॉर्क अखेर इथे भेटला!

अडचण एकच. क्लास सहाला, आणि मेसला वडे पाचला. भरल्या पोटी लाथा मारता येत नाहीत. चारला एक केळं, बस्स. तेव्हा उद्या माझ्या वाटचे दोन वडे ज्याला हवेत त्याने आधी सांगून ठेवावं. चटणीसकट.