नालबंदी

घोडबंदर या नावाचा अर्थ घोड्यांचे बंदर असा लावला जातो. खाडीकाठच्या या बंदरात अरब व्यापारी घोडे उतरवीत, असे सांगतात. घोडा आला की नालबंद आलाच. आपल्या समाजात नालबंद हे आडनाव आजही आढळते. खुराचा कोन बिघडला तर उमदे जनावरही लंगडते, हे त्या मंडळींना पक्के ठाऊक होते. आज त्यांचे काम व्हील अलाइनमेंट करणाऱ्या उस्तादाकडे आले आहे.

आम्ही कासारवडवलीला राहतो. घरात मोटार एकच, मारुती स्विफ्ट. रोज ती आम्हाला कामावर नेते, आठवड्यातून दोनदा अम्मीला डायलिसिससाठी नेते आणि वर्षातून एकदा धाकटा भाऊ तिला कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर पळवतो. एस. करिवर्धन यांच्या नावाचा हा ट्रॅक 2.1 किलोमीटर लांबीचा असून 2003 साली सुरू झाला. ठाण्याहून हजार किलोमीटरच्या वर अंतर. त्याच चाकांवर जायचे, त्याच चाकांवर पळायचे आणि त्याच चाकांवर घरी परतायचे.

वाद चाकांच्या कोनांवरून झाला. समोरून पाहताना चाकाचा माथा आत कलला असेल तर तो निगेटिव्ह कॅम्बर. वरून पाहताना पुढची चाके समोरच्या बाजूने जवळ आली असतील तर टो-इन, फाकली असतील तर टो-आउट. वेगाने वळताना गाडी बाहेरच्या बाजूला झुकते आणि त्या बाजूच्या टायरवर भार येतो. कॅम्बर आधीच आत कललेला असेल तर अशा वेळी टायर रस्त्यावर सपाट बसतो. म्हणून भावाला अडीच अंश कॅम्बर हवा होता, वर थोडा टो-आउटही. त्याने गाडी वळणात चटकन शिरते.

आमच्या डोळ्यांसमोर मात्र गायमुखचा घाट होता. पावसाळ्यातली संध्याकाळ, खड्डे, बाजूला गुजरातकडे निघालेला कंटेनर आणि मागच्या सीटवर सुया टोचून दमलेली अम्मी. टो-आउट केलेली गाडी सरळ रस्त्यावर चुळबुळते. खड्डा लागला की चटकन दिशा बदलू पाहते. कॅम्बर फार झाला तर सरळ जाताना टायरची आतली कड जास्त भार घेते, ब्रेक लावताना पकड घटते आणि तीच कड आधी झिजते. टो बिघडलेला असेल तर टायर त्याहून लवकर संपतो.

कौशाच्या उस्तादांनी दोघांचे ऐकून घेतले. मग भावाला म्हणाले, "बेटा, गाडी दिवसभर कुठे असते ते आधी सांग."

स्विफ्टच्या पुढच्या चाकांचा कॅम्बर मुळात बदलता येत नाही. उस्तादांनी कॅम्बर बोल्ट बसवून दोन्ही बाजूंना सारखा दीड अंश दिला. डाव्या-उजव्यात फरक राहिला तर गाडी एकीकडे ओढते. टो शून्यावर ठेवला. मागचा ॲक्सल जसा आहे तसाच. क्रमही त्यांनी समजावला: प्रथम टायरची हवा, मग कॅम्बर, शेवटी टो, कारण कॅम्बर हलवला की टो आपोआप हलतो. गाडीची उंची कमी करायची नाही, हे मात्र आम्ही बजावले.

कोइमतूरहून परतल्यावर टायर पाहिले. पूर्वी बाहेरची कड खरवडून निघायची, या वेळी ती बरीच शाबूत होती. आता मोठा खड्डा बसला की अलाइनमेंट तपासतो, दर 5000 किलोमीटरला टायरची अदलाबदल करतो आणि आतल्या कडेवरून बोट फिरवून पाहतो.

भावाला एखाद्या वळणावर थोडा वेग सोडावा लागतो. आम्हाला टायर थोडे लवकर घ्यावे लागतात. अम्मीला यातले काही माहीत नाही. घाटात तिला डुलकी लागते, तेवढी खूण आम्हाला पुरते.