शास्त्राची वाट आणि आमचें घर

शास्त्र हा शब्द उच्चारतांच आपल्या मनापुढें मोठमोठीं यंत्रें, दूरदूरचे देश आणि असामान्य बुद्धीचे पुरुष उभे राहतात. वस्तुतः शास्त्राचा आरंभ पुष्कळदां स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आंतच होत असतो. परंतु नित्य दृष्टीसमोर असलेल्या वस्तूकडे निरखून पाहण्याची संवय नसल्यामुळें तो आपल्या ध्यानांत येत नाहीं. या वार्षिकाच्या विद्यार्थी वाचकांपुढें व त्यांच्या वडील मंडळींपुढें या विषयावर चार शब्द ठेवावे, असें बरेच दिवस आमच्या मनांत होतें.

विदुषी दुर्गाबाई भागवत यांचें नांव महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? त्यांच्या धाकट्या भगिनी कमलाबाई सोहोनी यांचें नांव मात्र तितकें घरोघर पोंचलेलें नाहीं. कमलाबाईंचा जन्म १९११ सालचा. वडील व चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची पदवी संपादन करून त्यांनीं बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या संस्थेंत प्रवेश मागितला. नोबेल पारितोषिक मिळविलेले सर चंद्रशेखर वेंकट रामन हे त्या वेळीं संस्थेचे संचालक होते. मुलींना येथें घेत नाहींत, असें उत्तर मिळालें. बाईंनीं तें मानलें नाहीं. त्यांनीं सत्याग्रहाची वाट धरली. अखेर एक वर्ष काम पाहूं व मग ठरवूं, अशा अटीवर त्यांना आंत घेण्यांत आलें. वर्षअखेर रामन यांचें समाधान झालें, आणि त्या संस्थेचें दार पुढें इतर मुलींसही उघडलें.

तेथें श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखालीं बाईंनीं दूध, डाळी व कडधान्यें यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. १९३६ सालीं एम्. एस्‌सी. झाल्यावर त्या केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींत 'सायटोक्रोम सी' नांवाचें प्रथिन असतें, व पेशींच्या श्वसनांत त्याचें कार्य असतें, असें त्यांनीं दाखवून दिलें. त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. त्यावर १९३९ सालीं केंब्रिजनें त्यांस डॉक्टरेट दिली. विद्वत्ता पानें मोजून ठरत नाहीं, हें विद्यार्थ्यांनीं येथें लक्षांत ठेवावें.

स्वदेशीं आल्यावर दिल्ली व कुन्नूर येथें काम करून, १९४७ सालीं विवाहानंतर त्या मुंबईस आल्या, व तेथील विज्ञान संस्थेंत जीवरसायनशास्त्र शिकवूं लागल्या. पावट्यासारख्या कडधान्यांत पचनास अडथळा करणारीं कांहीं प्रथिनें असतात. त्यांचा शोध त्यांनीं व त्यांच्या विद्यार्थ्यांनीं घेतला. हा प्रकार थोडक्यांत असा. प्रथिन म्हणजे वीस जातींच्या मण्यांची, विशिष्ट रीतीनें दुमडलेली माळ. आपण खाल्लेल्या माळा तोडण्यासाठीं आपल्या आंतड्यांत 'ट्रिप्सिन' नांवाची जणूं कात्रीच काम करीत असते. कच्च्या पावट्यांतील एक प्रथिन या कात्रीच्या पात्यांत घट्ट अडकून बसतें, आणि कात्री चालेनाशी होते. पावटे नीट शिजविले म्हणजे उष्णतेनें त्या प्रथिनाची घडी मोडते, आणि त्याचा त्रास बहुतेक नाहींसा होतो. राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून बाईंनीं नीरेच्या पोषकतेचाही अभ्यास केला, व त्याबद्दल त्यांचा राष्ट्रपतींच्या पारितोषिकानें गौरव झाला. १९९८ सालीं त्या निवर्तल्या.

ही हकीकत सांगण्याचें कारण आमच्या घरांतच घडलें. कोल्हापुरच्या दक्षिणेस, ज्या तलावानें पुष्कळ वर्षें शहरास पाणी पाजलें त्या तलावाच्या कांठचें कळंबा हें आमचें गांव. थोडी शेती, ऊंस, एक म्हैस, आणि तीन भावंडांचें एकत्र कुटुंब. पांच वर्षांपूर्वीं आमची पुतणी बारावी उत्तीर्ण झाली. गुण चांगले होते. पण वैद्यकीय प्रवेशास पुरले नाहींत. आमच्या वडील बंधूंचें म्हणणें असें कीं, शास्त्र शिकून मुलीनें डॉक्टर व्हावें, नाहीं तर शिक्षण आटोपून संसाराला लागावें. यांच्यामधला तिसरा मार्ग म्हणजे पैशाचा व वयाचा अपव्यय. मुलगी म्हणाली, "काका, मला औषध द्यायचें नाहीं. औषध कशांत सांपडतें, तें मला पाहायचें आहे." तिला जीवरसायनशास्त्र शिकावयाचें होतें, आणि तेंही समुद्रांतल्या जीवांचें!

दादा हंसले. "आपल्या तळ्यांत गोगलगाई पुष्कळ आहेत. समुद्र कोठून आणायचा?"

तेव्हां तिनें आम्हांस एक गोष्ट वाचून दाखविली, ती येथें सांगण्याजोगी आहे. बाल्डोमेरो ऑलिव्हेरा नांवाचे फिलिपाईन्सचे एक जीवरसायनशास्त्रज्ञ अमेरिकेंत शिकून मनिलास परतले. त्यांच्या पूर्वीच्या संशोधनास लागणारीं साधनें तेथें नव्हतीं. हात जोडून बसण्याऐवजीं त्यांनीं आपल्याच किनाऱ्यावर मिळणारे शंकूच्या आकाराचे शंख हातीं घेतले. या शंखांतील गोगलगाय विषारी दांतानें माशास क्षणांत लुळा करते. तें विष म्हणजे लहान लहान प्रथिनखंडांचें मिश्रण आहे, असें दिसून आलें. पुढें १९७० सालीं ते अमेरिकेंतील युटा विद्यापीठांत गेले, तरी शंख सोडले नाहींत. तेथें नुकतीच शाळा संपवून आलेल्या मायकेल मॅकिंटॉश या तरुण विद्यार्थ्यानें त्या विषांतून पंचवीस मण्यांची एक लहानशी माळ वेगळी केली. ती मज्जातंतूंतून जाणारा वेदनेचा निरोप अडविते. तिचें औषध होऊन २००४ सालीं अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली, आणि इतर उपायांनीं न शमणाऱ्या वेदनांवर तें पाठीच्या कण्यांतील द्रवांत सोडून देतात. तसेंच कॅरिबियन समुद्रांतील एका स्पंजांत १९५० च्या सुमारास सांपडलेल्या द्रव्यांवरून रक्ताच्या कर्करोगावरील 'सायटाराबिन' हें औषध पुढें सिद्ध झालें. आपल्या देशांतही १९६६ सालीं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली असून ती गोव्यांत दोना पावला येथें आहे. सागरी जीवांतील रसायनांचा अभ्यास तेथें होत आला आहे. गोवा कांहीं सातासमुद्रांपलीकडे नव्हे.

एवढें ऐकूनही दादांचें मन वळेना. त्यांची चिंता खोटी नव्हती. त्या वर्षीं उंसाचें बिल उशिरा आलें होतें, आणि धाकट्या मुलाची फी व्हावयाची होती. आम्ही कमलाबाईंचें चरित्र सांगितलें, तेंही त्यांनीं निमूटपणें ऐकून घेतलें. बोलल्या त्या आमच्या मातोश्री. पावटे सोलतां सोलतां त्या म्हणाल्या, "कच्चा पावटा बाधतो, हें मला माझ्या सासूनें सांगितलें. कां बाधतो, हें तिलाही ठाऊक नव्हतें. तें सांगायला एक बाई दारांत बसून राहिली म्हणतोस. मग आपली पोर दार उघडें असतांना कां परत फिरवायची?" त्या प्रश्नास उत्तर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं दादा स्वतः तिला घेऊन महाविद्यालयांत गेले.

आज ती शिवाजी विद्यापीठांत एम्. एस्‌सी. करीत आहे. गेल्या पावसाळ्यांत तिचा एक प्रयोग सात वेळां फसला. आठव्या वेळीं साधला, तेव्हां दादांनीं कोणास न सांगतां पेढे आणले. पुढें नोकरी लागेलच, नांव होईलच, असें आम्ही म्हणत नाहीं. या वाटेवर तशी हमी कोणीच देऊं शकत नाहीं.

पालकहो, मुलांच्या शिक्षणाचा खर्च व पुढील उपजीविका यांचा हिशेब आपण अवश्य करावा. तो आपला धर्मच आहे. परंतु मुलगी आहे म्हणून, किंवा त्या विद्येचें नांव आपल्या गांवांत कोणी ऐकलेलें नाहीं म्हणून नकार देऊं नये, एवढीच विनंती. आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापाशीं यंत्रें नसतील, समुद्रही नसेल. पण जें हाताशीं आहे तें कां तसें आहे, हें विचारण्यास पैसा लागत नाहीं. प्रश्न विचारा, एका दिवसांत उत्तर मिळालें नाहीं, तर तो दुसऱ्या दिवशीं पुन्हा विचारा.