केळव्यास दोन दिवसांचे बिऱ्हाड

आम्ही शाळेतून निवृत्त झाल्यास आता सहा वर्षे झाली. या अवधीत चिरंजीवांनी आम्हांस काशी दाखविली, म्हैसूर दाखविले. परंतु त्या प्रवासांत आमचे काम गाडीत बसणे आणि गाडीतून उतरणे एवढेच असे. एकदा तरी आपल्या निवृत्तिवेतनातून साऱ्या घरास कोठे तरी न्यावे, ही इच्छा मनात घर करून होती. गेल्या हिवाळ्यात, नाताळच्या सुटीच्या तोंडावर, ती आम्ही बोलून दाखविली आणि पंचवीस हजार रुपये वेगळे काढून ठेवले.

घरची मंडळी अकरा. आम्ही उभयता, आमची विधवा भगिनी, दोघे चिरंजीव, दोघी सुना आणि चार नातवंडे. नातवंडांची मागणी अशी की, समुद्र तर हवाच, पण शिवाय पाण्यातल्या मोठ्या घसरगुंड्या असलेले उद्यानही हवे. आमच्या कुटुंबाचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांची अट एकच : जिने नकोत. भगिनीस शाकाहारी स्वयंपाक वेगळा हवा. हे सर्व ऐकून थोरले चिरंजीव सहज म्हणाले, "नाना, तुम्ही कशाला त्रास घेता? रिसॉर्टातल्या चार खोल्या मी घेतो." बोलण्यात प्रेमच होते, पण आम्हांस ते लागले, हे कबूल केले पाहिजे.

पालघरचा किनारा निवडण्यास कारण होते. बोरिवलीहून तो हाताशी आहे. चर्चगेटपासून विरार ६० किलोमीटर; तेथेच पूर्वी लोकल गाड्यांची मजल संपत असे. २०१३ सालापासून त्या डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या आणि केळवे, पालघर, बोईसर ही स्थानके आमच्यासारख्यांच्या टप्प्यात आली. एका बुधवारी पिशवीत डबा घेऊन आम्ही एकटेच जागा पाहावयास निघालो.

प्रथम पालघरास उतरलो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हे जिल्ह्याचे ठाणे झाले. १४ ऑगस्ट १९४२ रोजी याच गावी मोर्चावर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मे झाले. त्यांच्या स्मारकापाशी क्षणभर उभे राहून आम्ही स्थानकाजवळचे लॉज पाहिले. दर माफक होते. परंतु खोल्या कचेरीच्या कामास येणाऱ्या एकट्यादुकट्या माणसासाठी बांधलेल्या. दोन खाटा, एक खुर्ची, आणि वर चढावयास अरुंद जिना. समुद्रही तेथून दूर. अकरा माणसांचे कुटुंब त्यांत बसविणे म्हणजे पाच मुलांच्या बाकावर सारा वर्ग बसविण्यासारखे होते.

तेथून बोईसरास गेलो. तारापूर औद्योगिक वसाहतीमुळे आणि अणुविद्युत केंद्रामुळे या गावाचे रूप पालटले आहे. भारतातील पहिले अणुविद्युत केंद्र ते हेच. १९६९ साली ते चालू झाले. येथील लॉजांत अभियंते, दलाल, यंत्रे दुरुस्त करणारे कारागीर उतरतात. एका व्यवस्थापकाने आम्हांस मोठ्या उपयोगाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "सोमवार ते शुक्रवार आमच्याकडे जागा नसते, गुरुजी. शनिवारी माणसे आपापल्या घरी जातात, तेव्हा या. दोन पैसे कमी करू." केळव्याच्या किनाऱ्याचे याच्या अगदी उलट : रविवारी पाय ठेवावयास जागा नाही आणि मंगळवारी वाळूवर नुसते खेकडे. ज्यास सुटीच्या दिवशीच निघणे भाग आहे, त्याने बोईसरास राहून समुद्रावर जावे, हा हिशेब वाईट नाही. पण आमच्या मुलांस उठल्याबरोबर समुद्र हवा होता.

बोईसरापर्यंत गेलो, म्हणून तारापूरचा किल्लाही पाहून आलो. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेने तो पोर्तुगिजांकडून घेतला. त्या हल्ल्यात बाजी भीमराव रेठरेकर पडले. इतिहास शिकविताना हे नाव आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले. ती तटबंदी प्रत्यक्ष पाहताना खडूचा हात थरथरावा तसे झाले. याच परिसरात अणुकेंद्राच्या पुढील दोन भट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठविण्यात आली. त्या भट्ट्या २००५ व २००६ साली चालू झाल्या. वीज साऱ्या देशास हवी; पण ती देताना कोणाचे तरी अंगण गेले, हे येथे आल्यावाचून ध्यानात येत नाही.

दुसऱ्या खेपेस केळवे रोड स्थानकावर उतरून रिक्षाने केळव्यास पोहोचलो. दुतर्फा केळीच्या बागा, पानवेलींचे मळे, नारळ-पोफळी आणि मग एकाएकी सुरूचे बन व त्यापलीकडे समुद्र. शीतलादेवीचे दर्शन घेऊन आम्ही निवासस्थानांची चौकशी आरंभिली. या पट्ट्यात आता लहानमोठी रिसॉर्टे झाली आहेत. एका नव्या रिसॉर्टात आम्ही गेलो. निळ्या फरशीचा तलाव, त्यावर वळणावळणाच्या घसरगुंड्या, हिरवळ, कारंजी. खरा समुद्र थोड्या पावलांवर असता लोक या तलावात पोहत होते, याची गंमत वाटली; परंतु आमच्या नातवंडांस हेच हवे, हेही आठवले.

दरपत्रक हाती आले. खोलीस एका रात्रीचे आठ हजार. चार खोल्या, दोन रात्री : चौसष्ट हजार. साडेसात हजारांवरील खोलीस कर शेकडा १८, म्हणजे आणखी अकरा हजार पाचशे वीस. एकूण पंचाहत्तर हजार पाचशे वीस. आम्ही हिशेब दोनदा करून पाहिला. उत्तर चुकले नव्हते, ऐपत चुकली होती. मुकाट्याने बाहेर पडलो. मात्र निघताना देवडीवरच्या पहारेकऱ्याने सांगितले की, येथे न राहताही दिवसापुरते तिकीट काढून घसरगुंड्यांवर खेळता येते, माणशी सातशे. अडचणीची निम्मी गाठ तेथेच सुटली.

उरलेली निम्मी एका वाडीत सुटली. रस्त्यापासून आत, पानवेलीच्या मांडवामागे, कौलारू घर. पुढे ऐसपैस ओसरी, बाजूस तीन मोठ्या खोल्या, जिना नाही. पन्नाशीच्या एक बाई घरगुती मुक्काम व जेवण देत असत. त्यांनी दर सांगण्यापूर्वी विचारले, "वयस्कर किती जण आहेत? त्यांना कडेची खोली देते. न्हाणीघर जवळ पडेल." दोन्ही वेळचे जेवण व न्याहारी धरून मोठ्या माणसास दिवसाचे साडेनऊशे, लहानास साडेचारशे. शाकाहारी स्वयंपाकाची भांडी वेगळी ठेवण्याचेही त्यांनी मान्य केले. आम्ही घासाघीस करून साडेनऊशांचे नऊशे केले आणि मोठा पराक्रम केल्यासारखे घरी परतलो.

ठरल्याप्रमाणे एका मंगळवारी आमचे बिऱ्हाड केळव्यास दाखल झाले. सकाळी समुद्र, दुपारी ओसरीवर पत्त्यांचा डाव, संध्याकाळी ओहोटी लागल्यावर खाडीच्या मुखाशी असलेल्या पाणकोटाकडे बोट दाखवून आमचे इतिहासाचे व्याख्यान. पहिल्या रात्री उकडहंडी झाली. मडक्यात शिजलेली कंदमुळे आणि वालाच्या शेंगा यांचा तो सुवास घेऊन आमच्या भगिनी प्रथमच कोणाच्या हातचे मागून जेवल्या. दुसऱ्या दिवशी दोघे चिरंजीव चारी मुलांस घेऊन घसरगुंड्यांवर गेले. सहा तिकिटांचे बेचाळीसशे झाले. मुले संध्याकाळी परतली ती डोळे लाल, आवाज बसलेले आणि परम संतुष्ट.

त्या रात्री आम्हांस तहान लागून जाग आली. पाणी घेण्यास मागल्या दारी गेलो, तो स्वयंपाकघरात चुलीशेजारी सतरंजीवर त्या बाई आणि त्यांच्या वृद्ध सासूबाई निजलेल्या दिसल्या. कडेची ती खोली, न्हाणीघराजवळची, सासूबाईंची स्वतःची होती. तिच्यात आम्ही उभयता पलंगावर झोपलो होतो, आणि वर माणशी पन्नास रुपये कमी करून घेतले होते. धर्मकृत्यांत वित्तशाठ्य करू नये, असे आम्ही जन्मभर दुसऱ्यांस सांगत आलो. तो शब्द त्या अंधारात आमच्याकडेच वळला. पुढे झोप आली नाही.

पहाटे बाई पानवेलीस पाणी सोडत होत्या. आम्ही खोलीचा विषय काढला. त्या हसून म्हणाल्या, "पाहुणे असले की सासूबाईंना चुलीजवळच बरे वाटते, थंडीचे दिवस. त्यात काय एवढे?" मग बोलता बोलता त्यांनी सांगितले की, वाडी विकत मागणारे वर्षातून चार वेळा येतात. पानांचा भाव कधी चढतो, कधी बुडतो; मुलगा बोईसरच्या कारखान्यात जातो. "पाहुण्यांचे चार पैसे येतात म्हणून वाडी राखली आहे, गुरुजी. नाही तर इथेही तलाव झाला असता."

हे वाक्य आमच्या मनातून अजून जात नाही. स्वस्त जागा शोधताना आपण आपल्या खिशाचाच विचार करीत असतो. पण त्या नऊशे रुपयांवर पानवेलीचा एक मळा उभा आहे, हे आम्हांस ठाऊक नव्हते. निघताना सात माणसांचे दोन दिवसांचे पन्नास-पन्नास असे सातशे रुपये आम्ही वेगळे काढून त्यांच्या हाती ठेवले. त्यांनी पुष्कळ नको म्हटले. "आमचा हिशेब चुकला होता, तो दुरुस्त करीत आहो," असे म्हटल्यावर घेतले, आणि केळ्यांचा एक फणा धाकट्या नातवाच्या हाती दिला. थोरले चिरंजीव जवळच उभे होते. ते काही बोलले नाहीत. स्थानकापर्यंत आमची पिशवी मात्र त्यांनी खांद्यावर घेतली.

मुक्कामाचे सोळा हजार नऊशे, तिकिटांचे बेचाळीसशे, गाडीभाडे व रिक्षा धरूनही पंचवीस हजारांतून काही शिल्लक राहिली.

आता या पट्ट्यात मोठे बदल येऊ घातले आहेत. डहाणूजवळ वाढवण येथील बंदरास जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संमती दिली. त्याचा खर्च ७६,२२० कोटी रुपये धरला आहे, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे त्याचा पायाभरणी समारंभ झाला. मच्छीमारांचा त्यास विरोध आहे. मुंबई-अहमदाबाद जलद रेल्वेचे एक स्थानक बोईसरास होत आहे. माणसे येतील, पैसा येईल, उंची निवासस्थानेही वाढतील. त्यांत वाईट काही नाही. ज्याची ऐपत आहे त्याने तेथे सुखेनैव उतरावे. पण वाडीतली ओसरीही टिकली पाहिजे, आणि ती टिकविणे काही अंशी आमच्यासारख्या मध्यम ऐपतीच्या प्रवाशांच्या हाती आहे.

म्हणून जाणाऱ्यांस चार गोष्टी सांगतो. शक्य तर सोमवार ते गुरुवार जावे. जिना आहे की नाही, न्हाणीघर कोठे, शाकाहारी स्वयंपाक वेगळा होतो की नाही, हे आधी दूरध्वनीवरून विचारावे. राज्याची निवास व न्याहारी योजना आहे. तिच्यात नोंदलेली घरे आहेत का, याची चौकशी करावी. हजार रुपयांपर्यंतच्या खोलीस १८ जुलै २०२२ पूर्वी कर नव्हता. आता साडेसात हजारांपर्यंत, २२ सप्टेंबर २०२५ पासून, तो शेकडा ५ आहे. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेला लहान घरमालक सामान्यतः या करात येत नाही, म्हणून बिल मागून ते वाचावे. घसरगुंड्यांचे तिकीट दिवसापुरते काढावे. भरतीच्या वेळी मुलांस पाण्यात एकटे सोडू नये.

आणि एक गोष्ट. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी या शब्दाची व्युत्पत्ती आम्ही शाळेत शिकवीत असू. आजकाल तिथी आगाऊ नोंदविल्यावाचून कोणी दार उघडत नाही, आणि तेही योग्यच आहे. पण दार उघडणारे घर कोणाचे आहे, आणि आपणांसाठी त्यातले कोण चुलीजवळ निजले आहे, एवढे पाहून मगच घासाघीस करावी.